डबा आखूड, टिंगल लांब

“बाळाराम! अरे बाळाराम!”

सर तिसऱ्यांदा ओरडत होते. एका हातात हजेरीचा तक्ता, दुसऱ्या हातात लाल पेन आणि डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, तेही उलटं. सायरन थांबून दहा मिनिटं झाली होती. असेंब्ली पॉइंटच्या हिरव्या पाटीखाली अख्खी पहिली पाळी रांगेत उभी होती आणि एक माणूस कमी भरत होता. सरांचा आवाज असा, की ती हाक प्रबळगडाला आपटून परत आली. बाळाराम मात्र आला नाही.

येणार कसा? सायरनचा पहिला टाहो फुटला तेव्हाच गडी मागच्या भिंतीवरून पलीकडच्या भातखाचरात उतरला होता. भिंत सात फुटांची. मी सांगताना नऊ सांगतो.

बाकी सगळ्यांना ठाऊक होतं की हे मॉक ड्रिल आहे. नोटीस आठ दिवस आधी लागली होती, इंग्रजीत. सायरन वाजला की हातातलं काम ठेवायचं, रमतगमत पाटीखाली जायचं, डोकी मोजू द्यायची आणि चहा प्यायचा. बाळाराम ठेकेदाराचा माणूस, लोडिंगला लागून महिनाही झाला नव्हता. त्याला ते खरं वाटलं. चौक गावाला टोमॅटोचा टेंपो धरून तो कर्जतकडं सुटला. भिवपुरीच्या आत त्याचं गाव. तिथं पोचून त्यानं बायको, आई आणि दोन म्हशी यांना डोंगराच्या पायथ्याला नेऊन बसवलं. काय झालं म्हणून शेजारी मागोमाग गेले, शेजाऱ्यांच्या मागं त्यांचे शेजारी. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव चढावर बसून वाऱ्याचा वास घेत होतं. कंपनीतला वायू कधी येतोय याची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी सातच्या पाळीला तो कामावर हजर होता. तोवर त्याच्या उडीचा व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर चौदा वेळा फिरून झाला होता.

आता सरांबद्दल. सर म्हणजे शिकवणारे सर नव्हेत. लोधिवलीच्या पुढं जुन्या हायवेला आमची रंगाची कंपनी, तिथल्या टाइम ऑफिसचे ते कारकून. भिवपुरीहून यायचे. पण कुणी त्यांना कधी दुसरं काही म्हटलं नाही. सर आता नाहीत, म्हणून मी थोडं सैल सोडून सांगतो. असते तर लाल पेन घेऊन समोर बसले असते, आणि त्या चौदाला गोल मारून ‘तू मोजलेस?’ असं बाजूला लिहिलं असतं.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असायची. निळं कंपनीचं, लाल स्वतःचं. रजेचा अर्ज दिला की निळ्यानं सही आणि लाल पेनानं मार्क. एकानं लग्नासाठी रजा मागताना ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम मॅरेज’ असं लिहिलं. सरांनी रजा दिली, दहापैकी दोन दिले, आणि खाली लिहिलं, ‘एका वर्षानं बरोबर ठरेल.’ गेटवर ठेकेदाराच्या माणसांची हजेरी घेताना ‘प्रेझेंट सर’ असं पूर्ण म्हटल्याशिवाय ते खूण करत नसत. बाळाराम रोज सकाळी गावाकडच्या ‘आहे’सारखं ‘हाय’ म्हणायचा. सर मान हलवायचे. मग तो जीभ सावरून ‘प्रेजेन सर’ म्हणायचा, आणि मग कुठं टिक व्हायची.

बोलणं अर्धं सोडणं त्यांना जमायचंच नाही. एकदा सकाळी दहाला मला काही सांगत होते, मधेच फोन आला, मग साहेबांनी बोलावलं, मग गाडी आली. दुपारी चारला मी मशीनवर उभा असताना मागून आवाज आला, “...कारण तू कार्ड उलटं धरतोस.” मला पहिलं अर्धं आठवायला सुट्टी होईपर्यंत लागलं.

खालापूर-कर्जतकडं आता शेतं कमी आणि फार्म हाऊसं जास्त झालीत. अशाच एका फार्म हाऊसच्या फाटकावर रंगाऱ्यानं लिहिलं होतं, ‘डॉग इज बार्किंग’. सर समोरच्या दगडावर अर्धा तास बसले. कुत्रा आत झोपला होता. तेव्हा सरांनी कंपनीचा रंग घेऊन ‘इज’ खोडलं आणि ‘वॉज’ केलं. मालक आरडाओरडा करत बाहेर आला, त्यानं कुत्रा जागा झाला आणि भुंकायला लागला. सरांनी शांतपणे ‘वॉज’ खोडून परत ‘इज’ लिहून दिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण पाहिल्यासारखं सांगू शकतो.

तर बाळाराम पळाला त्याच्या तिसऱ्या दिवशी सर कॅन्टीनमध्ये उभे राहिले. म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास इंग्रजीचा वर्ग भरेल. फळा म्हणून रोजच्या भाज्या लिहायची पाटी मागच्या बाजूनं वापरायची. आणि वर्गात क्रियापद एकच, मॉक. कुणीतरी म्हणालं, सर, ईट घ्या, गो घ्या, सोपं पडेल. सर म्हणाले, “ज्या शब्दानं एका माणसाला म्हशींसकट डोंगराला नेलं, तो आधी. खाणंजाणं आपोआप येतं.”

त्यांनी फळ्यावर लिहिलं: टू मॉक, नक्कल करून हसणे, टिंगल करणे. मॉक ड्रिल म्हणजे संकटाची नक्कल. नोटिशीचा अर्थ या बापड्याला कुणी सांगितला, असं त्यांनी सगळ्यांकडं बघत विचारलं. बाळाराम समोर बसला होता. तो वहीवर रेघा मारत राहिला. मीही दुसरीकडं बघत राहिलो.

सरांचा सगळा जीव एका काळात अडकलेला होता. अपूर्ण भूतकाळ. आम्ही त्यांचं नावच ‘अपूर्ण’ पाडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, मी अपूर्ण नाही, काळ अपूर्ण आहे, विशेषण चुकीच्या जागी लावलंय तुम्ही. तो काळ ते असा शिकवायचे: दोन कामं एकात एक अडकली की लांब काम ‘वॉज’ लावून आणि ‘आयएनजी’ जोडून लिहायचं. त्यात मधेच घुसणारं आखूड काम साध्या भूतकाळात. मी जेवत होतो, तेवढ्यात फोन आला. जेवण लांब, फोन आखूड. फोन कळायला जेवण सांगावं लागतं, असं ते फळ्यावर खडू आपटून म्हणायचे.

बाळाराम सगळं देवनागरीत उतरवून घ्यायचा. ही वॉज मॉकिंग. शी वॉज मॉकिंग. अनेकवचनाला आला की त्याच्या वहीत असायचं, ‘दे वैर मॉकिंग’. आम्ही वही ओढून घेतली, मोठ्यानं वाचली आणि बाकं बडवली. सर आले, लाल पेन उघडलं, त्या ‘वैर’वर धरलं. धरून राहिले. मग टोपण लावून म्हणाले, “बरोबर आहे. एकटा हसला तर वॉज. घोळका हसला की वैर.”

आम्ही त्यावरही हसलो.

आता माझं. मी सायरन काढायचो. तोंडानं. बढाई नाही, पण माझ्या सायरनला खोपोलीहून दोनदा आगीचा बंब निघाला होता, असं मीच सांगत असे. पोटातून सुरुवात, मग चढता ऊंऽऽ, वर थोडा थरथरवायचा आणि मग हळूहळू खाली सोडायचा. बाळाराम गेटातून आला की ऊंऽऽ. गोणी उचलली की ऊंऽऽ. मुतारीत गेला की बाहेरून ऊंऽऽ. आधी तो हसायचा. मग हसणं बंद केलं. मग मान खाली घालून चालायला लागला. दोन वर्षं. रविवार सोडून. माझ्या मागं सात-आठ जण असायचे आणि शेवटाला सगळे मिळून म्हणायचे, “म्हशी सोडा रं!”

त्या दिवशी वेगळं काहीच नव्हतं. नंतर सगळ्यांनी विचारलं, आजच काय झालं त्याला? काही नाही. कॅन्टीनमध्ये तो डबा उघडत होता, तांदळाची भाकरी आणि सुकट. मी मागून गेलो आणि कानाशी सायरन सुरू केला. वर नेला, थरथरवला. खाली सोडायच्या आत तो वळला. स्टीलचा डबा माझ्या तोंडावर बसला. समोरचा दात अर्धा तुटला आणि सुकट माझ्या शर्टभर झाली.

दोनच महिन्यांपूर्वी बाळाराम पर्मनंट झाला होता, म्हणून चौकशी तरी लागली. नाहीतर गेटवरच निकाल होता. मी तक्रार दिली. तोंडाला रुमाल लावून सगळं सांगितलं, डब्यापासून पुढचं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, बाळारामनं आपलं म्हणणं लेखी द्यावं, इंग्रजीत, कारण निर्णय मुंबईचं हेड ऑफिस करणार. मारहाणीला कंपनीत एकच शिक्षा होती. घरी जायचं. त्याच्या घरात पगार त्याचा एकट्याचा, हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

लिहून द्यायला सर होतेच. आम्हाला वाटलं, चार पानं भरतील. त्यांनी एक ओळ लिहिली: ‘व्हाइल ही वॉज मॉकिंग मी, आय हिट हिम.’ तो माझी टिंगल करत होता, तेव्हा मी त्याला मारलं. मॅडम म्हणाल्या, एवढंच? सर म्हणाले, यात सगळं आहे. लांब काम आहे, आखूड काम आहे. बाळारामनं खाली मराठीत सही केली.

आठवड्यानं हेड ऑफिसचं उत्तर आलं. मॅडमनी ते वाचलं, परत वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही ठरेना. तिथल्या कुणा साहेबानं ‘मॉकिंग’ वाचलं आणि त्याला ड्रिलच दिसलं. त्याचं तरी काय चुकलं? कंपनीत मॉक म्हणजे ड्रिल, दुसरा मॉक कुणाला माहीत? पत्राचा सारांश असा: सदर घटना मॉक ड्रिल चालू असताना धावपळीत घडलेली दिसते, सबब ती मारहाण नसून अपघात आहे, जखमीला दात बसवून द्यावा, आणि दोघांनाही सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं.

कॅन्टीनमध्ये जो हशा उठला तो अजून त्या पत्र्याखाली कुठंतरी फिरत असेल. बाळारामची नोकरी वाचली. मला दात मिळाला. मी तुटक्या दातातून शिट्टी वाजवत हसलो. लोकांनी बाळारामच्या पाठीवर थापा मारल्या. सरांचं इंग्रजी एकदाचं कुणाच्या तरी कामाला आलं, असं कुणीसं म्हणालं.

सर हसले नाहीत. बाळारामही नाही. सरांनी त्या दिवशी वर्ग घेतला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. भिवपुरीहून लोधिवलीला यायचं म्हणजे दोन वाहनं बदलून यायचं, आणि सर कुणाच्या घरी कधी गेलेले मला माहीत नव्हते. पडवीत बसले. आईनं चहा दिला. तो बशीत ओतून पूर्ण प्यायले आणि मग बोलले. बाळारामला त्यांनी त्या पत्राचा अर्थ शब्द न शब्द सांगितला होता. हेही सांगितलं होतं, की गप्प राहिलास तर नोकरी टिकेल, आणि मी चूक कळवली तर चौकशी पुन्हा उघडेल.

“मग तो काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, नोकरी ऱ्हायली ते बरं झालं. पन सर, दोन वर्सं ड्रिलच चालू व्हतं काय?”

मी त्यांची बशी उचलून बाजूला ठेवली.

सरांनी पिशवीतून कोरा कागद काढला, पडवीच्या लाकडी पेटीवर ठेवला. म्हणाले, मी चूक कळवणार. पण नुसती कळवली तर त्याची नोकरी जाईल. त्याच्याबरोबर दुसरा एक कागद गेला तर कदाचित नाही जाणार. टिंगल झाली, हे ज्याची झाली त्यानं सांगून कुणी ऐकत नाही. ज्यानं केली त्यानं सांगावं लागतं.

मी म्हटलं, सर, माझं सुपरवायझरचं चाललंय. या महिन्यात नाव लागतंय. आणि मिटलंय ना सगळं? उगाच कशाला उकरायचं?

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. यात मी काही वाढवलेलं नाही.

“मी शाळेत शिकवत होतो, या कंपनीच्या आधी. मला ‘व्ह’ नीट म्हणता येत नव्हता. मुलं नक्कल करायची. शिक्षकही करायचे. तीन वर्षं. एक दिवस मी डस्टर फेकून मारला. मुलाच्या भुवईला लागला. मला काढलं त्या कागदावर काय आहे माहीत आहे? ‘ही थ्र्यू अ डस्टर.’ बस. लांब वाक्य कुणी लिहिलंच नाही. वीस वर्षं झाली, मी अजून ते आखूड वाक्य आहे.”

आई आतून बाहेर आली होती. ती दारातच उभी राहिली.

मी पेन घेतलं. इंग्रजीत लिहिलं, ‘आय मॉक्ड हिम.’ मी त्याची टिंगल केली. सरांकडं सरकवलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि ‘मॉक्ड’ला गोल मारला.  एकदाच घडून संपलेलं काम असेल तरच तो काळ लागतो, हे भाज्यांच्या पाटीवर मला शंभर वेळा शिकवलेलं होतं. मी खाली लिहिलं, ‘आय वॉज मॉकिंग हिम फॉर टू इयर्स.’ ते वाचून त्यांनी मान हलवली आणि कागद घेण्यासाठी हात पुढं केला.

मी कागद सोडला नाही.

कारण अजून एक होतं. पहिल्या ड्रिलच्या आधी, नोटीस लागली त्या दिवशी, बाळाराम तिच्यापुढं उभा होता. नवा माणूस. जवळ मीच होतो. त्यानं विचारलं होतं, “दादा, ह्ये मॉक म्हंजे काय वो?” आणि मी, काही कारण नसताना, अगदी गंभीर तोंड करून म्हटलं होतं, “साधं ड्रिल खोटं असतं रं. मॉक म्हंजे खरंखुरं. सायरन झाला का जीव घेऊन पळायचं.” दोन वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाळारामनंही सांगितलं नाही. ना सरांना, ना चौकशीत. मी त्याच्या कानाशी सायरन काढायचो तेव्हा आम्हा दोघांनाच हे माहीत असायचं.

ते मी तिसऱ्या ओळीत लिहिलं. तोडक्या इंग्रजीत, जमलं तसं. सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्या ओळीत एक स्पेलिंग चुकलं होतं आणि एक ‘द’ राहिला होता, हे मला आज कळतं. सरांना तेव्हाच कळलं असणार. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि कागदाची घडी घातली.

पुढं व्हायचं ते झालं. मला चार्जशीट मिळालं, पंधरा दिवस घरी बसवलं, आणि सुपरवायझरच्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं. बाळारामला लेखी ताकीद मिळाली. त्याची नोकरी राहिली. सरांना हेड ऑफिसनं विचारलं, मूळ निवेदन संदिग्ध का लिहिलं? त्यांनी कळवलं, निवेदन संदिग्ध नव्हतं, वाचन होतं.

मी कामावर परत आलो तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणी माझ्याकडं फारसं बघितलं नाही. बाळाराम आपल्या बाकावर डबा खात होता. मी समोरच्या बाकावर बसलो.  दोन वर्षं एवढं तोंड चालवलं, आणि दोन शब्द निघेनात. त्यानंही मान वर केली नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा ड्रिल आलं. या वेळी नोटीस मराठीत होती, सरांच्या अक्षरात: ‘उद्या अकरा वाजता धोक्याची नक्कल होईल. खरे काही नाही. चालत यावे.’

अकराला सायरन वाजला. खरा, भोंग्याचा. मी मशीन बंद केलं आणि लोडिंगकडं बघितलं. बाळारामच्या खांद्यावर गोणी होती. तो तसाच उभा होता. मागची भिंत त्याच्यापासून वीस पावलांवर होती, आणि या वेळी मी ते वीसच सांगतो. त्यानं गोणी खाली ठेवली, हात विजारीला पुसले आणि चालायला लागला. आमच्याबरोबर. कुणी घशातून आवाज काढला नाही. मोबाइलही कुणी काढला नाही. पाटीखाली तो माझ्या पुढं दोन माणसं सोडून उभा राहिला. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता.

सायरन खाली येत येत थांबला. सरांनी हजेरी सुरू केली. प्रेझेंट सर, प्रेझेंट सर, असं होत होत ते त्याच्या नावापाशी आले. तिथं पेन टेकवलं. या खेपेला ओरडले नाहीत, शेजारच्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाले.

“बाळाराम.”

त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं. मग सरांकडं.

“हाय.”